वॉरस्पाइट, १:२०० : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

सुताराकडून शिवणीच्या फळ्या आल्या. १२ मिमी जाडीच्या, बऱ्यापैकी वाळलेल्या. फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि मग बाहेरून तासत जहाजाचा आकार काढायचा.

जहाज ठरलंय: ब्रिटिश नौदलाची युद्धनौका वॉरस्पाइट. लांबी १९६ मीटर, म्हणजे १:२०० प्रमाणात ९८ सेंटिमीटर. दिवाणखान्यातल्या शोकेसवर बसत नाही, म्हणून गॅलरीतल्या टेबलावरच बांधणी. वाचनालयाच्या दिवाळी प्रदर्शनात ठेवायचंय, शेजारी मराठीत तिचा सेवाकाळ लिहिलेला फलक.

मी ३१ वर्षं जहाजदुरुस्तीत फिटर होतो. ही नौका निवडली ती तिच्या लढायांसाठी नाही. तिची हकीकत वाचताना माझं बोट दर वेळी लढाईच्या पुढच्या ओळीवर थांबलं: मग ती दुरुस्तीला कुठल्या गोदीत गेली. त्या गोद्यांची यादी तिच्या लढायांच्या यादीइतकीच लांब आहे. ३० वर्षं हे जहाज फुटत राहिलं आणि कुणीतरी ते सांधत राहिलं. फलक लिहिणार तो याच बाजूनं.

११ जानेवारी

ठोकळा चिकटवून शिकंज्यात घातला. दोन दिवस हात लावायचा नाही. तोवर जन्माची नोंद.

३१ ऑक्टोबर १९१२ ला डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत कणा बसवला, २६ नोव्हेंबर १९१३ ला ती पाण्यात उतरली, मार्च १९१५ मध्ये नौदलात दाखल. क्वीन एलिझाबेथ वर्गातल्या पाच बहिणींपैकी एक. बाकीच्या क्वीन एलिझाबेथ, बरहॅम, व्हॅलियंट आणि मलाया. मलायाचा खर्च मलाया प्रांतातल्या संस्थानांनी उचलला होता, म्हणून तिचं ते नाव.

या वर्गात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली, १५ इंची तोफा. प्रत्येक टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या घरात, दोन, अशा आठ. एकेक गोळा जवळपास ८७० किलोचा. दुसरी, कोळसा पूर्ण बंद. २४ बॉयलर, सगळे तेलावर. कोळशाच्या जहाजावर प्रत्येक फेरीआधी सगळ्या खलाशांना टोपल्या वाहाव्या लागत, डेकपासून दाढीपर्यंत काळं होई. तेलावर वेग वाढला आणि माणसं मोकळी झाली. पण इंग्लंडच्या जमिनीखाली कोळसा होता, तेल नव्हतं. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं इराणातून तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले. त्या वेळी नौदलाचं खातं चर्चिलकडे होतं. पुढची शंभर वर्षं इराणच्या आखातात काय काय घडलं त्याचा एक धागा या बॉयलरांपाशी येऊन पोचतो.

१९ जानेवारी

नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तासली. रंधा चालवताना शिवणीचा वास घरभर. पुतणी आली होती, तिचं मेकॅनिकलचं तिसरं वर्ष आहे. तोफांच्या नळ्या थ्रीडी प्रिंट करून देते म्हणाली. मी म्हटलं, नळ्या पितळेच्या, लेथवरच होतील. तू लहान तोफा आणि बोटी कर. १५ इंची तोफेची नळी साडेसोळा मीटर, प्रमाणात सव्वाआठ सेंटिमीटर. तोंडाचं भोक १.९ मिमी. २ मिमीचं ड्रिल घालायचं नाही, १.९ चंच आणायचं.

२ फेब्रुवारी

सुकाणूचा दिवस. जहाजाचा मागचा भाग घासता घासता सगळा वेळ पहिल्या महायुद्धातली जटलंडची लढाईच डोक्यात होती, म्हणून ही नोंद मोठी होणार.

खरं तर जटलंडच्या आधीच वर्षभरात तिनं दोन अपघात पाहिले होते. सप्टेंबर १९१५ मध्ये फोर्थच्या खाडीत तळ टेकला. डिसेंबरात कवायतीत बरहॅमवर आदळून नाळेला मार. दोन्ही वेळा गोदी.

३१ मे १९१६. उत्तर समुद्र. रिअर ॲडमिरल इव्हान-थॉमस यांच्या पाचव्या स्क्वाड्रनमध्ये बरहॅम, व्हॅलियंट, वॉरस्पाइट, मलाया या चौघी. क्वीन एलिझाबेथ गोदीत होती. जर्मन ताफ्याला मागे ओढत उत्तरेकडे आणताना या चौघींनी तासभर मारा सोसला. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुख्य ब्रिटिश ताफा दिसला, सगळी जहाजं वळायला लागली, गर्दी झाली. पुढच्या बहिणीवर आदळू नये म्हणून वॉरस्पाइटनं सुकाणू जोरात फिरवलं आणि ते तिथंच अडकलं. माऱ्यात तिच्या पिछाडीला, यंत्रांच्या बाजूला आधीच तडाखे बसले होते.

आता समोर जर्मन ताफा, आणि ३० हजार टनांचं जहाज गोल फिरतंय. कॅप्टन फिलपॉट्स यांच्यापुढे एकच प्रश्न: थांबायचं की फिरत राहायचं? थांबलं तर स्थिर निशाणा. त्यांनी वेग ठेवला. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत शत्रूच्या जवळ जायचं, मग लांब. डझनाहून जास्त जड गोळे तिच्यावर बसले.

तिथंच जवळ वॉरियर नावाची क्रूझर मोडून पडली होती, तिच्यावर जर्मन तोफा रोखलेल्या. वॉरस्पाइट मध्ये फिरायला लागल्यावर त्या तोफा तिच्याकडे वळल्या आणि वॉरियर निसटली. वॉरियरच्या खलाशांना वाटलं, या जहाजानं मुद्दाम आपल्यासाठी छाती पुढे केली. दुसऱ्या दिवशी वॉरियर बुडाली, पण तोवर तिच्यावरची माणसं दुसऱ्या जहाजावर उतरवली गेली होती. त्या माणसांच्या लेखी वॉरस्पाइटनं त्यांना वाचवलं, आणि मला ते खोडावंसं वाटत नाही.

सुकाणू अडकणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. जहाजाच्या अगदी मागे, पाण्याच्या पातळीखाली एक बुटकी खोली असते. वर पुलावर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, चक्र फिरवणाऱ्याला काही दिसत नाही, तो फक्त काटा बघतो. खाली यंत्राशी जो असतो त्याला आवाजावरून कळतं. बेअरिंग तापलं की पांढऱ्या धातूचा एक विशिष्ट वास येतो, तेल जळाल्यासारखा, पण गोडसर. आम्ही एकदा एका मालवाहू जहाजाच्या सुकाणूचं बेअरिंग खरवडून बसवलं, चाचणीला बंदराबाहेर नेलं आणि तासाभरात तो वास आला. हवा शांत होती, टग बरोबर होता, तरी माझे हात थरथरत होते. त्या खोलीत, त्या संध्याकाळी, वरून गोळे पडत असताना जी माणसं यंत्र मोकळं करत होती त्यांची नावं मला कुठे मिळाली नाहीत. फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे.

१४ जण मेले. तिला एकटीला रोसाइथला परत पाठवलं. वाटेत पाणबुड्यांनी गाठलं, त्यातूनही सुटली. जुलैमध्ये दुरुस्त होऊन बाहेर, आणि ऑगस्टमध्ये व्हॅलियंटशी टक्कर. पुन्हा गोदी.

९ फेब्रुवारी

पिछाडी झाली. चार शाफ्टांची भोकं पाडली. चारही पंखे पितळी पत्र्यातून कापणार.

पहिल्या युद्धाची बाकी नोंद थोडक्यात: नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मन ताफा शरण आला तेव्हा त्याला घेऊन येणाऱ्या रांगेत ती होती. १९२४ ते १९२६ मोठी दुरुस्ती. पाण्याखाली दोन्ही अंगांना फुगवटे बसवले, म्हणजे टॉर्पेडो आधी त्यांवर फुटावा. दोन धुरांडी वर एकत्र जोडून एक केली.

२ मार्च

तीन आठवडे लेथवर. आठ नळ्या झाल्या. पाचवी फेकून दिली, उतार चुकला होता. नऊ कापल्या तेव्हा आठ मिळाल्या.

मॉडेल कुठल्या सालचं करायचं यावर आज पुतणीशी बराच वाद झाला. मुद्दा खरा आहे. १९१६ ची वॉरस्पाइट आणि १९४० ची वॉरस्पाइट शेजारी ठेवली तर कुणी एक जहाज म्हणणार नाही. मार्च १९३४ ते जून १९३७ पोर्ट्समथच्या गोदीत तिला आतून पूर्ण रिकामी केली. २४ बॉयलर काढून ६ घातले, आणि तरी ताकद वाढून ८० हजार अश्वशक्ती झाली. टरेट उचलून तोफांचा उठाव २० अंशांवरून ३० वर नेला, पल्ला २९ किलोमीटरच्या पुढे गेला. पुलाच्या जागी चौकोनी, वाड्यासारखी इमारत उभी केली. मागे विमानांसाठी घर. खर्च २३ लाख पौंडांच्या वर.

आणि एवढं करूनही, बाहेर पडल्यावर चाचण्यांत त्रास कुणी दिला? सुकाणूनं.

पुतणी म्हणाली, "काका, १९१६ चंच करा. जटलंड तुम्हाला आवडतं." मी म्हटलं, थांब, अजून तिचं पुढचं आयुष्य लिहायचंय. मग ठरवू.

१३ एप्रिल

आज नार्विकच्या लढाईची तारीख, म्हणून आजच लिहितो. १३ एप्रिल १९४०. नॉर्वेतला ओफोटफिओर्ड, दोन्ही बाजूंना बर्फाचे कडे, आणि त्या चिंचोळ्या पाण्यात एवढं मोठं जहाज नऊ विनाशिकांसह शिरलं. आत आठ जर्मन विनाशिका होत्या. संध्याकाळपर्यंत एकही शिल्लक नव्हती. काही बुडवल्या, काही त्यांच्याच खलाशांनी किनाऱ्याला लावून फोडल्या. वॉरस्पाइटचं स्वोर्डफिश विमान पुढे उडत होतं, पाण्यावर उतरणारं, कापडी पंखांचं. त्यानं वाटेत यू-६४ पाणबुडी बॉम्ब टाकून बुडवली. त्या युद्धात विमानानं बुडवलेली ती पहिली जर्मन पाणबुडी. विमान चालवणारे पेटी ऑफिसर राइस.

ते विमान बनवलंय. पंखांचा पसारा ७ सेंटिमीटर, तारा केसांइतक्या. जहाजावर नाही ठेवणार, वेगळ्या काठीवर.

२० एप्रिल

आज गच्चीवर जाऊन मोजमाप केलं. मॉडेलच्या प्रमाणात अंतरं कशी दिसतील ते मला बघायचं होतं.

९ जुलै १९४०, इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियाचा किनारा. ॲडमिरल कनिंगहॅम यांचा झेंडा वॉरस्पाइटवर. तिनं इटालियन युद्धनौका जूलिओ चेझारेला जवळपास २४ किलोमीटरवरून गोळा बसवला. दोन्ही जहाजं धावती. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर एवढ्या लांबून नेम लागल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आमच्या प्रमाणात २४ किलोमीटर म्हणजे १२० मीटर. आमच्या गच्चीपासून रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. त्या टाकीपाशी मीटरभराहूनही कमी लांबीचं जहाज, तेही पळणारं. आणि गोळा पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ, म्हणजे नेम धरायचा तो जहाज असेल तिथं नाही, असेल असं वाटतं तिथं.

मग ग्रीसच्या दक्षिणेला मटापनची लढाई. २८ मार्च १९४१ ची रात्र. अंतर साडेतीन किलोमीटर, म्हणजे प्रमाणात साडेसतरा मीटर: आमच्या गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. इटालियन क्रूझरांना शेजारी कोण उभं आहे याचा पत्ता नव्हता, त्यांच्या तोफा सरळ रेषेत, बंद. सर्चलाइट पेटला आणि १५ इंची तोफा सुटल्या. झारा, फ्युमे, पोला या तीन क्रूझर आणि दोन विनाशिका त्या रात्रीत गेल्या. २,३०० हून जास्त इटालियन खलाशी मेले. साडेसतरा मीटर चालून गेलो तेव्हा मला ते जास्त कळलं. त्या अंतरावर चुकणं शक्यच नव्हतं. विजयाची नोंद म्हणून फलकावर हे लिहिताना मेलेल्यांचा आकडाही त्याच अक्षरात लिहिणार.

२३ एप्रिल

सकाळी टरेट बसवून बघितले. ए, बी पुढे, एक्स, वाय मागे. चारही फिरतात.

२२ मे १९४१, क्रीटजवळ जर्मन विमानाचा बॉम्ब उजव्या अंगाला बसला. त्या बाजूच्या लहान तोफा उद्ध्वस्त, माणसं गेली. इजिप्तमध्ये हे काम होण्यासारखं नव्हतं. म्हणून ती सुएझमधून निघाली आणि पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या वायव्य टोकाला ब्रेमर्टनच्या गोदीत गेली. अर्धी पृथ्वी फिरून दुरुस्तीला! तिथं झिजलेल्या १५ इंची नळ्याही बदलल्या. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती अमेरिकेच्या गोदीतच होती. डिसेंबरअखेर निघाली.

तिथून हिंदी महासागर. मार्च १९४२ पासून ॲडमिरल सॉमरव्हिल यांचं ध्वजनौकापद तिच्याकडे. मालदीवच्या अड्डू बेटांमध्ये गुप्त तळ होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबोवर हल्ला केला, डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर बुडवल्या, मग बट्टिकलोआजवळ हर्मिस ही विमानवाहू नौका. विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही बॉम्ब पडले. दोन्ही ताफे एकमेकांना शोधत राहिले, गाठ पडली नाही. पडली असती तर ही हकीकत इथंच संपली असती, असं मला वाटतं.

त्यानंतर जुन्या, सावकाश युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाठवल्या आणि वॉरस्पाइट विमानवाहू नौकांसह एप्रिलच्या मध्यावर मुंबईला आली. ही ओळ वाचली तेव्हा मी चष्मा काढून पुसला. ज्या बंदरात मी ३१ वर्षं डबा घेऊन जात होतो, त्याच पाण्यात ती होती. दुपारी भाऊच्या धक्क्यावर जाऊन तासभर बसून आलो. उरणची लाँच गेली, रेवसची गेली.

११ मे

सिसिली. जुलै १९४३ मध्ये कटानियावर मारा करून ती अशा वेगानं परतली की कनिंगहॅम यांनी संदेश पाठवला: या म्हातारीनं पदर खोचला की ती धावते, यात शंका नाही. मूळ शब्द स्कर्टचे आहेत, भाव हाच. तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘म्हातारी’.

सप्टेंबरात इटली शरण आली आणि इटालियन ताफ्याला माल्टाकडे नेण्याचा मान तिला मिळाला. त्यानंतर आठवडाभरात, १६ सप्टेंबरला, सालेर्नोच्या किनाऱ्यावर जर्मन विमानानं तिच्यावर फ्रिट्झ-एक्स सोडले. हा रेडिओनं वळवता येणारा बॉम्ब. वरून माणूस काठी फिरवतो, बॉम्ब वळतो. एक धुरांड्याजवळ पडला, सहा डेक भेदून बॉयलरच्या खोलीत फुटला. तळाला २० फुटी भोक. आणखी एक अगदी लगत फुटला. जवळपास ५,००० टन पाणी आत. यंत्रं बंद. सुकाणू बंद.

टग लावून तिला माल्टाकडे ओढायला घेतलं. मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवाहानं तिला आडवी केली, दोर तुटले, पुन्हा बांधले. जहाज आडवं वाहत जातंय आणि टगवाला दोर सांभाळतोय हे चित्र ज्यानं पाहिलंय त्याला झोप येत नाही.

माल्टा, मग जिब्राल्टर, मग रोसाइथ. पण या वेळी पूर्ण दुरुस्ती झाली नाही. फ्रान्सवरच्या स्वारीची तारीख जवळ आली होती. तळाच्या भोकावर बाहेरून पोलाद आणि काँक्रीटची पेटी बसवली. एक्स टरेट तसाच बंद ठेवला. फुटलेली बॉयलरची खोली सोडून दिली. आठपैकी सहा तोफा, आणि तळाला काँक्रीटचं ठिगळ: अशी ती ६ जून १९४४ च्या पहाटे नॉर्मंडीसमोर उभी राहिली. सर्वांत आधी तोफ डागणाऱ्यांत ती होती.

साल ठरलं. जून १९४४.

१८ मे

पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मोडलेलं जहाज करायचं? प्रदर्शनात लोक विचारतील, मागचा टरेट फिरत का नाही?" म्हटलं, अगं, तोच प्रश्न त्यांनी विचारायला हवा. मग फलक वाचतील.

दुपारी एक्स टरेटच्या खालची पिन काढली आणि ॲराल्डाइट लावून तो कायमचा बसवला. बाकीचे तीन फिरतात. आपल्याच हातानं केलेली फिरती जोडणी बंद करताना जीवावर आलं.

१५ जून

दोन आठवडे रंगकाम. डेकसाठी सागवानाच्या पातळ पट्ट्या, मिलिमीटरच्या. या जहाजांचे डेक सागवानी असत, म्हणून रंग न देता खरा सागच लावला. जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा होता, तो कामी आला.

तिचे शेवटचे महिने: १३ जूनला झिजलेल्या नळ्या बदलायला रोसाइथला जाताना हार्विचजवळ सुरुंगावर गेली. पुन्हा गोदी. आता तीनच पंखे चालत, वेग १५ नॉटच्या आसपास. तरी ब्रेस्ट, ल हाव्र, आणि १ नोव्हेंबर १९४४ ला हॉलंडमधलं वाल्खेरेन. तिथं ३०० हून जास्त गोळे डागले. तेच शेवटचे. १५ युद्धसन्मान तिच्या नावावर, ब्रिटिश नौदलातल्या कुठल्याही एका जहाजाला मिळालेले सर्वांत जास्त.

२९ जून

भंगारात काढायचं ठरलं. जतन करावं म्हणून आवाज उठले, पण निर्णय बदलला नाही. एप्रिल १९४७ मध्ये दोन टग तिला पोर्ट्समथहून स्कॉटलंडमधल्या फास्लेनला घेऊन निघाले. कॉर्नवॉलच्या टोकाशी वादळ. दोर तुटला. २३ एप्रिलला ती प्रशिया कोव्हच्या खडकांवर चढली. वर असलेल्या ८ माणसांना पेन्लीच्या बचावबोटीनं उतरवलं. त्या लाटांत, जहाज आणि खडक यांच्या मधल्या अरुंद पाण्यात बोट नेली एडविन मॅड्रन यांनी. त्यांना रौप्यपदक मिळालं.

भंगारवाल्यांना ती खडकावरून काढता येईना. १९५० मध्ये अर्धवट हलवून सेंट मायकल्स माउंटसमोर किनाऱ्याला लावली आणि तिथंच कापली. काही वर्षं लागली. फास्लेनला ती कधी पोचलीच नाही.

६ जुलै

शेवटचा भाग. तळाची पेटी. भोक २० फूट, प्रमाणात ३ सेंटिमीटर; त्यावर बसणारी पेटी मी थोडी मोठी घेतली. पोलादासाठी पातळ पत्रा, आत एम-सील. वाळल्यावर पॉलिश पेपर मारायला घेतला आणि थांबलो. गोदीतल्या माणसांनी घाईत ओतलेलं काँक्रीट गुळगुळीत कसं असेल? तसंच खरखरीत ठेवलं.

जहाज उपडं करून बसवलं, मग सरळ केलं. आता ती पेटी कुणालाच दिसत नाही. पुतणी खाली वाकून, मान वाकडी करून बघत होती. म्हणाली, "काका, आपण खाली आरसा लावू या." 

काचवाल्याकडे जाऊन आलो. ४ मिमीचा आरसा, ११० बाय ३० सेंटिमीटर, कडा घासून. शुक्रवारी मिळेल.